तेल खाली उतरेपर्यंत

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या गॅरेजच्या दारात त्याच्या आजोबांच्या जुन्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, कापसाने पुसत होता. दातांचा डॉक्टर, दुसरं काय करणार!

"कापूस नको हो, धागे आत जातात," म्हणत मी फडकं पुढे केलं. तो हसला... आणि माझी पंचाईत झाली.

ती गाडी पुढे मीच खपून नव्याने उभी केली. तेव्हा तेल दर आठवड्याला बघायचं, हेही मीच बजावलं. गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करायचं आणि वरचं तेल खाली उतरेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात आमच्या गप्पा.

"उतरलं असेल?"

"एवढ्यात? घाई आहे का?"

"छे! मुळीच नाही."

दुसऱ्या गाडीखालून बाबा ओरडायचे, "एव्हाना तुंबलेली मोरीसुद्धा उतरली असती!"

मग एकदा तो गिऱ्हाईक घेऊनच आला. नव्या दवाखान्यापाशी गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून विकायची म्हणे. गिऱ्हाइकाने दाराच्या उतारावरच इंजिन बंद केलं, लगेच डिपस्टिक ओढली. टोकाला जेमतेम तेल.

"इंजिन तेल पितंय. नको मला."

मी नुसतं गप्प बसायचं होतं. गाडी राहिली असती, गाडीबरोबर तोही. पण माझ्या इंजिनावर खोटा आळ? जीभ ऐकेना.

"सपाटीवर घ्या," मी म्हटलं. "आणि थांबा."

या वेळी थांबण्यात गिऱ्हाईक नुसतं घड्याळ बघत होतं. मी डिपस्टिक पुसली, पूर्ण आत घातली, काढली. तेल बरोबर वरच्या खुणेवर. गाडी गेली. मी आत जाऊन धुतलेलेच हात पुन्हा धुतले. डोळ्यांत साबण गेला, असं बाबांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तो चालत आला.

"आता काय तपासायचंय?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"त्या दिवशी मनात म्हणत होतो, ही गप्प बसू दे..."

"मग तुम्हीच सांगायचं ना, विकत नाही म्हणून!"

"लोकांच्या तोंडात हात घालतो हो मी, पण स्वतःच्या तोंडातून शब्द निघत नाही." त्याने खिशातून मी पहिल्या दिवशी दिलेलं फडकं काढलं. "तुम्ही... मला फार आवडता."

"अगं, आता तरी थांबवू नकोस त्याला!" गाडीखालून बाबा.

नाही थांबवलं. "मलाही," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातलं माझंच फडकं परत घेतलं.