पैलवान सिंहाजवळ का झोपायचा

ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट आहे. तिखटमीठ अजिबात लावलेलं नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही...

मामा प्राणिसंग्रहालयात जनावरं सांभाळतो आणि आमच्याकडेच राहतो. त्याने एक हनी बॅजर बाटलीने दूध पाजून वाढवला होता. अंगाने छोट्या कुत्र्याएवढा, पाठ पांढरी, पोट काळं. भीती तर त्याच्या गावीही नव्हती! नाव अर्थातच पैलवान.

पैलवान आपल्या खोलीतून सारखा पळायचा. कडी उघडायचा. दगडांवर दगड रचून भिंत चढायचा. भुयार खणायचा.

पण फाटकाबाहेर कधीच गेला नाही...

तो जायचा थेट सिंहाकडे. पिंजऱ्याच्या गजांना पाठ टेकून गाढ झोपायचा.

"काय छाती आहे!" तिथले जनावरांचे डॉक्टर म्हणायचे. "वनराजालाही भीक घालत नाही."

"मामावर गेलाय," घरी हे ऐकून मी म्हणायचे. "तो तरी कुठे आईला भितो?"

"हळू बोल बये, ताई ऐकेल!" मामा दबकून म्हणायचा.

पण सिंहाचा पंजा पडला तर? मामाने दगड हलवले. जमिनीवर सिमेंट ओतलं. शेवटी दाराला बाहेरून कुलूप लावलं.

"तुझ्याच भल्यासाठी रे बाळा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थंडी होती. संध्याकाळी लोक गेल्यावर मामा खाणं घेऊन आत शिरला.

पैलवान दाराला चिकटून उभा होता. नखं रक्ताळलेली. गुरगुरणं नाही, काही नाही.

तो कोपऱ्याकडे बघत होता.

कोपरा रिकामा होता...

फक्त तिथलं गवत दबत होतं. हळूहळू. कुणी जडशीळ टेकावं तसं...

मोठा झाल्यापासून मामालाही हात लावू न देणारा पैलवान त्याच्या शर्टात तोंड खुपसून थरथरायला लागला.

मग थरथर थांबली.

अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

"घाबरून जीव गेला त्याचा," मामा म्हणाला.

डॉक्टर हसले. "हा? आणि घाबरून?"

मामा घरी आला, आईसमोर मटकन बसला.

"ताई, तो शौर्य दाखवायला नव्हता गं जात. तिथे सिंह होता म्हणून जायचा. त्याच्या खोलीत जे होतं, त्याला फक्त सिंहच अडवत असेल... आणि मी दार बंद केलं."

त्यानंतर मामाने घरी आपल्या खोलीत झोपणंच सोडलं. दोनदा वॉचमनने त्याला आणून सोडलं. सिंहाच्या गजांना पाठ टेकून झोपला होता म्हणे!

"हिंमत बघा याची," शेजारी म्हणाले.

आई मात्र रडकुंडीला आली. आज दुपारी मामा खोलीत जरा आडवा झाला होता, तेव्हा तिने त्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं.

"रागावू नकोस रे. तुझ्याच भल्यासाठी."

"आई, उघड ना," मी म्हटलं.

"सिंहाने फाडल्यावर उघडू?"

ती किल्ली घेऊन कामावर गेली. फोन उचलत नाहीये. कुलूप ठोकून ठोकून माझे हात सोलले. शेजारी म्हणतात, आईला येऊ दे.

इतका वेळ मामा आतून दार खरवडत होता. आता थांबलाय. दाराच्या फटीशी त्याचा श्वास ऐकू येतोय, अगदी माझ्या कानाजवळ.

म्हणजे मामा इथे आहे, दाराला चिकटून.

आणि तिकडे, कोपऱ्यातला त्याचा पलंग करकरतोय...

हळूहळू.