खाली उतरू द्यायचं न्हाई

जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून पुण्याच्या कॅफेवाल्यांना विकायचे, हा माझा धंदा. लहानपणी ज्या खोक्यापुढे उभं राहिल्याबद्दल या लोकांनी बापाचा मार खाल्ला, तेच खोकं आता रंगवून कॉफीशेजारी मांडतात आणि त्याला टेकून फोटो काढतात. त्यांच्याबद्दल मला काडीचा आदर नाही. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांबद्दल तर त्याहून कमी. मशीन म्हणजे तारा, चिपा आणि धूळ. बाकीचा सगळा माणसाच्या डोक्यातला कचरा.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी शमशादचाचींचा फोन आला. त्यांचा नवरा गैबीसाब अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात तीस वर्षं माग चालवत होता. कारखाना बंद पडल्यावर मालकाने त्यालाच राखणीला ठेवलं आणि दोघं तिथल्याच पुढच्या खोलीत राहू लागली. त्यांच्या भाच्याचं, सोहेबचं, एकेकाळी गेम पार्लर होतं. दुबईला जाताना तो एक मशीन मामाकडे टाकून गेला होता.

"प्रदीपभाऊ, तेवढं मशीन घिऊन जावा. फुकट न्या. पन आजच न्या," चाची म्हणाल्या.

फुकट म्हटल्यावर सोलापूरचा माणूस उन्हातान्हाचं बघत नाही. टेम्पोवाल्याला चारची वेळ देऊन मी एक वाजताच पोचलो.

खोलीवर पत्रा होता आणि तो तापून तडतडत होता. बाजूच्या चालू कारखान्यातली खटखट भिंतीतून येत होती. कोपऱ्यात विमानं पाडायच्या खेळाचं ते मशीन सुरू होतं आणि समोर स्टुलावर गैबीसाब बसले होते. डाव्या हातात दांडा, उजवा हात बटणावर. पाय इतके सुजले होते की घोटे बुजून गेले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"शुक्रवारच्या नमाजनंतर बसल्यात," चाची हळू आवाजात म्हणाल्या. "शुगर हाय त्यांना. विंजेक्शन घेऊ देत न्हाईत. डाक्टर म्हनतो, आज नेलं न्हाई तर पाय जाईल. उठतच न्हाईत की हो!"

"बटण बंद करायचं होतं, चाची."

"केलं की. दोनदा."

मला हसू आलं. सत्तरीचा म्हातारा पोरांच्या खेळाला चिकटतो आणि बायकोला स्विच सापडत नाही. मी पुढे होऊन भिंतीवरचा स्विच बंद केला. पडदा काळा झाला. गैबीसाबांचे हात थांबले नाहीत. काळ्या काचेकडे पाहत ते दांडा फिरवत राहिले, बटण दाबत राहिले. मी वीसपर्यंत मोजून स्विच लावला. खेळ पहिल्यापासून सुरू व्हायला हवा होता. असल्या बोर्डाला आठवण नसते. पण स्विच बंद केलाच नसता तर डाव जिथवर गेला असता तिथेच तो होता, मधल्या वीस आकड्यांत पाडलेल्या विमानांसकट.

सोहेबने बॅटरी बसवली असेल, दीडशहाणा. मी मागची फळी काढली. आत बोर्ड होता, तारा होत्या, कापसाची बोटभर धूळ होती. बॅटरी नव्हती. मी फळी परत लावली आणि कारण घरी जाऊन शोधायचं ठरवलं.

मग गेम बघत उभा राहिलो. नेहमीचाच प्रकार. खाली खड्ड्यात एक शिपाई तोफेपाशी, वरून विमानं येतात, ती पाडायची. नाव मात्र कधी ऐकलेलं नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक-दोन ओळी यायच्या. पार्लरमधल्या कुठल्या पोराने त्या वाचल्या असतील? ती सगळी बटण बडवून पुढे पळणारी जात. मी वाचल्या.

पहिल्यांदा लिहून आलं: "तुझी पाळी संपली आहे. तुझ्या जागी दुसरा माणूस निघाला आहे." पुढच्या फेरीनंतर: "तो आकाशातून येईल." त्यानंतर: "तो आला होता. तू त्याला मारलंस. काम चालू ठेव."

मी जवळ जाऊन नीट पाहिलं. एकाही विमानाला बंदूक नव्हती. विमान फुटलं की त्यातून एक चिमुकला माणूस पडायचा आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा असायचा.

"चाचा," मी म्हणालो, "हे दुश्मन नाहीत. तुमची बदली यायलीय. तुम्ही आपल्याच माणसांना मारताय."

"मला म्हाईत हाय," गैबीसाब म्हणाले. दोन दिवस न बोललेला आवाज खरखरीत होता. "बदली माझीच हाय. म्हनून तर खाली उतरू द्यायचं न्हाई."

चाचींनी तोंडाला पदर लावला. मला कीव आली नाही, चीड आली. पाय सडत चाललाय आणि म्हातारा कोडी घालतोय!

मागाच्या कारखान्यात एक रीत असते. चालू माग सोडून कामगार उठत नाही. पुढच्या पाळीचा कामगार, म्हणजे बदली, येऊन मागाच्या हँडलवर हात ठेवतो आणि मगच आधीचा आपला हात काढतो. बदलीचा हात पडल्यावर मात्र क्षणभर थांबायचं नाही, वाद घालायचा नाही. तीस वर्षांची ही सवय मला त्या वेळी फार सोयीची वाटली.

मी त्यांच्या हातावरून दांड्यावर हात ठेवला. "मी बदली. उठा चाचा."

"हात लावू नका," ते म्हणाले. पण त्यांचे हात तोवर आपोआप निघाले होते. आपल्या मोकळ्या हातांकडे ते बघत राहिले. पहिल्यांदाच माझ्याकडे वळले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं. तुमी बसा. पन मी दवाखान्यातनं येईपतूर एकबी उतरू देऊ नका. शब्द द्या."

"दिला," मी म्हणालो. असल्या शब्दाला काय लागतं?

डावा पाय फरफटत ते चाचींच्या खांद्याला धरून गेले. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी स्वतःवर जाम खूश होतो. डॉक्टरला, बायकोला जमलं नाही ते एका मिनिटात केलं. गंमत म्हणून तीन विमानं पाडली.

चौथं आलं तेव्हा मी बटणावरून हात काढला. शेवटी काय होतं ते तरी बघू.

विमान हळूहळू उतरलं. डबेवाला माणूस बाहेर आला, चालत खड्ड्यापाशी गेला आणि त्याने तोफेवर हात ठेवला.

शिपाई बाजूला झाला. दांड्याला मी हात लावला नव्हता.

तो वाकला. पोटऱ्या चोळल्या. मग डावा पाय फरफटत पडद्याच्या उजव्या कडेला चालत गेला आणि दिसेनासा झाला.

पत्रा तडतडत होता. बाजूची खटखट कधी थांबली ते मला कळलं नव्हतं.

फोन वाजला.

"भाऊ," चाची म्हणाल्या. "अशोक चौकापतूर चांगलं बोलत हुते की हो. पानी मागितलं. मी बाटली उघडेपतूर..."

"कधी?"

"आत्ताच. दोन मिन्टं झाली."

मी शब्द दिला होता आणि मोडला होता, हे सांगायला हवं होतं. लाज वाटली, आणि त्या लाजेहून मोठी भीती वाटली. पडद्यावर खड्डा होता आणि तोफेपाशी नवा शिपाई होता. 'मी बदली' असं मीच म्हणालो होतो. आणि अगदी वरच्या कडेला तांदळाएवढं एक विमान दिसू लागलं होतं.

चाची रडत होत्या. मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, कारण दोन्ही हात लागणार होते.