टेकडीवरची सवाष्ण

ऑकलंडच्या हेन्डरसन भागात, स्वप्नाच्या घरी जेवणं झाली, भांडी घासून झाली आणि लाईट गेली. जनार्दनकाका म्हणाले, "मेणबत्ती एकच लावा. माझ्या मित्राच्या, रमणच्या सुनेवर गुदरलेलं सांगतो. याच वर्षीचं आहे. पदरचं एक अक्षर घालत नाही."

"काका, दोन लावू या की," स्वप्नाचा भाऊ क्षितिज म्हणाला. सगळे हसले. मग काकांनी सांगितलं ते असं.

रमणची सून उत्तरा. नवरा प्रसन्न टॉवरचा इंजिनिअर. त्याच्या कामासाठी दोघं सात महिन्यांच्या सिद्धीला घेऊन एका लांबच्या बेटावर राहायला गेली होती. बेटावर मेंढ्या पाचशे आणि बाई एकच. धक्क्यावरच्या डेअरीत ब्रेड, दूध, मेणबत्त्या विकणारी ॲनी. घर टेकडीच्या अलीकडे, धक्का पलीकडे. आणि मधे, माथ्यावर, एक उभा दगड. माणसाहून उंच, खांद्यात जरा झुकलेला. लांबून वाटावं, डोक्यावर पदर घेऊन कुणी बाई वाट बघत उभी आहे.

ॲनीनं सांगून ठेवलं होतं, "तो आमच्या पणज्यांच्याही आधीचा आहे. कुणी उभा केला, कुणालाच माहीत नाही. लांबून किया ओरा, म्हणजे नमस्कार, म्हणायचं आणि पुढं जायचं. हात लावू नकोस."

दोन हजार सात साल. पंचवीस जानेवारी, गुरुवार, रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. प्रसन्न सामान आणायला बोटीनं ऑकलंडला गेलेला, तो उद्या येणार. लेकीची पहिली संक्रांत आणि घराला एका सवाष्णीचा पाय लागला नाही, ही रुखरुख उत्तराला बसू देईना. निदान ॲनीला तरी कुंकू लावू, म्हणून तिनं करंडा घेतला, तिळगूळ घेतला, वाणाला स्टीलची वाटी घेतली, सिद्धीला पोटाशी बांधलं आणि टेकडी ओलांडून गेली.

डेअरीला कुलूप होतं.

परत येताना ती दगडापाशी दम खायला थांबली. वाण परत घरी न्यायचं जिवावर आलं. "चला, यंदा तुम्हीच माझ्या सवाष्ण," असं म्हणून ती एकटीच हसली. दगडाला हळद लावली, कुंकू लावलं. पायथ्याशी वाटी ठेवली. आणि कुंकू लावलं की म्हणतात ते सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"या हं आमच्या घरी. बाळ बघायला."

भर दुपारचं ऊन होतं. दगड बोटाला गार लागला.

रात्री दहाला जनरेटर बंद केला. कडी लावली. पुन्हा उठून बघितली. सप्तमीचा चंद्र मावळला तशी तिला झोप लागली.

सव्वा वाजता जाग आली.

धप्प.

बाहेर खडीवर. पाटा उचलून पुढं ठेवावा तसं.

मग शांत...

धप्प. आणखी जवळ.

"ॲनी?"

...

घरापुढच्या लाकडी डेकची फळी कण्हली. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही... उत्तरा उठून बसली.

खोलीत ओल्या मातीचा वास आला. आणि हळदीचा.

पाळण्यात सिद्धी हसली. कुणी वाकून बघितलं की हसते, तशी.

उत्तरानं झडप घालून पोरीला उचललं, छातीशी आवळलं. डोळे घट्ट मिटले. "माझी आहे... माझी आहे ती..." समोर गारवा उभा होता. हलत नव्हता.

"गेलं का मग ते?" स्वप्नानं विचारलं. तिचं लक्ष आतल्या खोलीकडे, तिच्या निजलेल्या बाळाकडे होतं.

काका पुढं सांगू लागले.

उजाडलं तेव्हा कडी जागच्या जागी होती. उत्तरानं अंधारातच सिद्धीला टोपडं बांधलं होतं. सामान तसंच टाकून ती टेकडी चढली. दगडाकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. दगड स्वच्छ. रात्री पावसाचा थेंब नव्हता, तरी कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही.

प्रसन्न बोटीतून उतरत होता. "अगं, अशी काय आलीस?" तो म्हणाला. ती सरळ बोटीत जाऊन बसली. बोट सुटली. वाऱ्यानं सिद्धीचं टोपडं मागं सरकलं.

कपाळावर हळद होती. शेजारी कुंकू. अगदी रीतसर. फक्त बोट माणसाचं नव्हतं. कपाळभर रुंद.

उत्तरा लेकीला काळी तीट लावायची. कुंकू कधीच नाही.

"पुसलं ना?" क्षितिजनं विचारलं.

"पुसलं. धुतलं. डॉक्टरांनाही दाखवलं. अजून आहे."

"पण नुसतं लावलंच ना काका? बाकी काही नाही ना?" स्वप्ना म्हणाली.

काकांनी मेणबत्तीची काजळी झाडली.

"कुंकू लावलं की जे म्हणायचं असतं, ते तिला म्हटलं की नाही, कोण सांगणार? पोर अजून बोलायला लागलेली नाही."