दोन तोंडांची नळी

थर्मामीटर पीं-पीं वाजला आणि दुपारची सामसूम मोडली. तनूच्या काखेतून काढून पाहिला. एकशे तीन.

सानपाड्याच्या घरात आम्ही दोघी मायलेकीच. तिचा डोळा लागला की मी मोबाईलवर कामाचे आकडे बघून घ्यायचे. युनिव्हर्सिटीच्या आवारात खोल बोअर मारून आम्ही त्यात यू आकाराची नळी सोडली होती. एका तोंडातून हीटरनं कोमट केलेलं पाणी खाली जाणार, दुसऱ्यातून वर येणार. जमीन किती ऊब धरते ते तपासायचं. जमलं तर हॉस्टेलचं गरम पाणी त्यावरच.

"घाम येतो तेवढा पुरे नाय का, ताय?" सारसोळ्याचा धनेश, आमचा बोअरवाला, रोज चिडवायचा.

शनिवारी पाळणाघर बंद, म्हणून तनूला साइटवर नेलं. नळीत अजून पाणी भरलं नव्हतं. तिनं एक तोंड ओठांना लावलं, दुसरं कानाला. फोनसारखं.

"हॅलो, मी तनू."

तिचाच आवाज फिरून येणार, मला ठाऊक होतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाच वर्षांची. आणि तू?"

मी हसले. फोटोही काढला.

त्याच रात्री ताप चढला. डॉक्टर व्हायरल म्हणाले. मी घरीच राहिले; सोमवारी धनेशनं नळीत पाणी सोडलं.

आता मोबाईलवर, नळीतून वर येणाऱ्या पाण्याचं तापमान एकोणचाळीस पूर्णांक चार. मनातल्या मनात फॅरनहाइट केलं. एकशे तीन.

योगायोग, म्हटलं. ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं, मानेला चिकटलेल्या बटा पुसल्या. ताप जरा उतरला. आकडाही उतरला. मग दोन्ही चढू लागले.

धनेशला फोन लावला. "हीटर बंद कर."

"सकालपासून बंदच हाय, ताय. लाईट कुठं हाय? मीटर तेवढा बॅटरीवर चाललाय."

तनूचे डोळे फिरले. अंग ताठ झालं. अँब्युलन्स बोलावली, आणि पुन्हा धनेशला फोन.

"नळीची दोन्ही तोंडं बुजव. सिमेंट भर. आत्ता!"

"साहेब माझी साल काढतील!"

"माझी काढू देत. तू भर."

तिला छातीशी धरून मी आकड्याकडे बघत बसले.

अडतीस.

सदतीस.

मग काहीच नाही.

तनूला घाम फुटला. अंग सैल पडलं, श्वास संथ झाला. मी तिचे मुके घेत रडले. "गेला हं सोन्या, गेला ताप."

तिनं डोळे उघडले. पंखा बघितला, पडदे बघितले, मला बघितलं. मग मांडीवरून सरकून, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून बसली; परक्या घरी बसतात तशी.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तनू आता वर कशी येणार?"