सायलीचे चार गुण

हॉलच्या दारावर लावलेल्या यादीत सायलीचं नाव सगळ्यात खाली होतं आणि पुढे लिहिलं होतं, ‘राखीव’. पाच सामन्यांतले गुण... चार!

स्नेहाच्या नावावर बासष्ट. तिने मारलेले ते चेंडू काय आभाळातून पडले होते? सेटर म्हणून एकेक चेंडू सायलीने अलगद उचलून दिला होता, बोटांना पट्ट्या गुंडाळून! जिल्ह्याचा व्हॉलीबॉल संघ परवा राज्य स्पर्धेला निघणार. आणि खेळासाठी चांदवड सोडून इंदिरानगरात खोली घेऊन राहिलेली ही पोरगी बाकावर बसून टॉवेल सांभाळणार. याला काय निवड म्हणायचं?

ती तरातरा वळली ती थेट मागे उभ्या असलेल्या मुलावर आदळली. त्याचा लॅपटॉप पडता पडता वाचला.

“सॉरी... तू सायली ना? सेटर?”

“सेटर नाय, राखीव! वाच की.” तिने यादीवर बोट आपटलं. “कुठल्या दीडशहाण्याने मोजलेत हे?”

त्याने चष्मा सावरला. “मी... तनय. स्टॅटिस्टिक्स शिकतो, संघाचे आकडे ठेवतो. कोच दिवाकर सर म्हणाले, गुण कुणी मिळवला ते लिही. मग शेवटी जिने चेंडू मारला, तिच्या नावावर—”

“आणि तिला चेंडू दिला कुणी? तुझ्या लॅपटॉपने?”

तनयने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे छान होते, हे तिच्या नेमकं आत्ताच लक्षात यावं, याचा तिला आणखीनच राग आला.

“बूट काढ. ये इकडं.” तिने त्याला बाहीला धरून मैदानात ओढलं आणि जाळ्याजवळ उभं केलं. “मी मागच्या रांगेत असले की पुढं मारणाऱ्या तिघी. मी मागून पळत येते, चेंडू कुणाला देणार ते समोरच्यांना कळतच नाय. मी पुढं आले की मारणाऱ्या उरतात दोघीच. मग कधीमधी मलाच हुलकावणी देऊन पलीकडं टाकावा लागतो. ते माझे चार गुण! समजलं?”

तिने चेंडू उंचावला. तो इतका हळुवार खाली आला, की जन्मात न खेळलेल्या तनयनेही तो हाताने पलीकडे लोटला.

“हा गुण कुणाचा?”

“माझा...” तिचे डोळे पाहून त्याने जीभ चावली. “नाही. तुझा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सायलीला घेऊन दिवाकर सरांसमोर उभा राहिला. डोळे तांबारलेले, हातात कागदांचा गठ्ठा. “सर, चूक माझी आहे. सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. सायली मैदानात असताना शंभरातले अठ्ठावन्न गुण आपले. ती मागच्या रांगेत असली की चौसष्ट. ती बाकावर गेली की... एकेचाळीस.”

सर बराच वेळ कागद चाळत राहिले. मग ‘राखीव’ शब्दावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि सायलीचं नाव पहिल्या सहांत लिहिलं.

बाहेर आल्यावर सायलीने कागद उलटले. प्रत्येक चेंडूच्या वेळी ती कुठे उभी होती, याच्या चारशे नोंदी!

“लय वेळा माझ्याकडं बघितलंस की?”

“पहिल्या सामन्यापासून बघतोय,” तो पुटपुटला. “फक्त... लिहीत नव्हतो.”

“बघत होतास आणि लिहिलं नाय?” ती उसळली. “तुझ्यापायी माझी निवड गेली असती! आता निदान तोंडाने तरी नीट सांग.”

“तू मला... लय आवडतेस.” तिचाच शब्द त्याने जपून उच्चारला.

सायलीचे कान तापले. राग अजून नाकावरच होता, पण ओठ काही केल्या ऐकेनात.

“हा गुण कुणाच्या नावावर लिहू?” तनयने हळूच विचारलं.

“दोघांच्या,” ती म्हणाली. “आणि या वेळी विसरलास ना, तर बघ!”