कुहीच्या अंगणातली पायल

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण पायल माझी जुनी मैत्रीण आहे आणि उगाच भिणाऱ्यातली नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूर, कळमन्याजवळचं पायलचं घर. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरात फक्त कूलरची घरघर...

पायलची आई, सिंधूताई, सगळं विसरत चालली होती. नोकरी सोडून पायल तिचं हवं-नको बघायची. आई मात्र तिला 'बाई' म्हणायची. एकदा तरी आईच्या तोंडून आपलं नाव ऐकावं, एवढाच तिचा ध्यास होता.

म्हणून तिने एका संस्थेकडून व्हीआरचा चष्मा आणला. तो डोळ्यांवर चढवला की माणूस दुसऱ्याच जागी जाऊन बसतं. भाऊ अंकुश कुहीला, त्यांच्या गावी गेला, जुन्या घराचं अंगण चित्रित करून आला. गडबडीत पठ्ठ्याने आवाज टिपलाच नव्हता, नुसतं मुकं चित्र!

आईला दिसायचं तेच पायलला मोबाइलवर दिसायचं. कडुनिंब. झाकलेला रांजण. रिकामी बाज.

त्या दुपारी चष्मा लावताच आई हसली.

"पायल... पाणी आण वं माय."

पायलचे डोळे भरून आले. ती उठणार, तोच चष्म्यातून आवाज आला...

"आणून राहिली नं वं आई."

लहान पोरीचा आवाज. पायलचाच.

तिने मोबाइल पाहिला. अंगणात कोणी नव्हतं.

पण रांजणाचं झाकण... बाजूला होतं.

आईने ओंजळ तोंडाला लावली. घोट घेतल्याचा आवाज झाला.

पायलने चष्मा ओढून काढला. आईची हनुवटी ओली होती. पदरही भिजला होता.

"तुमी कोण बाई?" आई घाबरून म्हणाली. "माह्या पायलले काहून सोडलं तिकडं? उन्हात उभी हाये लेकरू."

चष्मा त्याच दिवशी परत गेला. अंकुशने चित्रणही पुसलं.

तरी अजून भर दुपारी कूलर मधेच थांबतो... आणि दाराबाहेर कोणीतरी बोलतं.

"आई... पाय पोळून राहिले. घरात घे नं वं."

"आली वं, पायल!" म्हणत आई धडपडत उठते. पायल तिला घट्ट धरून ठेवते. आई तिचे हात झटकत रडते.

दार पायलने अजून उघडलेलं नाही.

परवा मात्र मला म्हणाली, "आईचं रडणं पाहवत नाही वं. वाटते, उघडावं एकदाचं. तिची पायल तिले भेटन."

मग हळूच म्हणाली,

"पण मंग या घरात मी कोण राहीन?"