चार नंबरची खाट, तिसरा दिवस

बसा. डॉक्टर गुरुवारी येतात आणि आज सोमवार आहे. तोवर मुलाला खोलीत कोंडून घरच्या घरी दारू सोडवतो म्हणालात, म्हणून तुम्हाला हाक मारली. नाहीतर मी लोकांच्या घरात नाक खुपसत नाही. स्टोअरमधून चादरी आणायला निघालो होतो, त्या आणल्या. आता घड्या घालता घालता सांगतो, तुम्ही नुसतं ऐका.

माझं वय बावन्न, हुद्दा वॉर्डबॉय. पेशंट मामा म्हणतात. दारू सोडवायचा हा वॉर्ड म्हणजे सहा खाटा आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. पूर्वी इथे जुन्या फायली पडलेल्या असायच्या. डॉक्टर मोठ्या शहरातून येतात, आठवड्यातून एकदा, दोन तास. बाकीचे दिवस सिस्टर आणि मी. गावात दारूची सात दुकानं आहेत, त्यांना मात्र कधी सुट्टी पडलेली मी पाहिली नाही.

डॉक्टरांचा एकच हट्ट आहे. पेशंटला जे दिसतं, जे ऐकू येतं, ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचं. रोजची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींचे हात लटपटतात, घामाने गादी भिजते, आणि नसलेलं दिसायला लागतं. कोणाला भिंतीवर उंदीर, कोणाला दारात पोलीस. असं काही वहीत आलं की सिस्टरने लगेच इंजेक्शन द्यायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. वेळेवर औषध मिळालं नाही तर त्यात माणूस जातो. लोकांना वाटतं नाटक करतोय. नाटक नसतं हो ते.

तीन वर्षांपूर्वी चार नंबरच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. तिसरा दिवस, भर दुपार, खिडकीतलं ऊन फरशीवर पसरलेलं. मी पाणी द्यायला गेलो तर हा धिप्पाड गडी पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात सरकून बसलेला. मी म्हटलं, नीट झोप की बाबा, खाट तुझ्या एकट्याचीच आहे.

"पायथ्याशी ते बसलेत ना, मामा," तो हळूच म्हणाला. "उंच आहेत... बनियन उलटं घातलंय. उजव्या हाताची नखं तुटलीत सगळी."

नेहमीच्या सवयीने मी लिहायला लागलो. नखांपाशी आलो आणि पेन थांबलं. कारण ती नखं मी धुतली होती. माझ्या हातांनी, एकेक बोट धरून.

आता हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझे बाबा सुतार होते. हाताला तोड नव्हती त्यांच्या, पण संध्याकाळी पिऊन आले की माणूस घरात नको व्हायचा. आई लवकर गेली. मी एकोणीस वर्षांचा आणि धाकटा नऊचा. तेव्हा इथे ना वॉर्ड ना डॉक्टर. कोणीतरी अक्कल शिकवली की चार दिवस कोंडून ठेव, सुतासारखा सरळ होईल. मला पटलं. पटायला काय, रागच तेवढा होता. एका सकाळी ते झोपेत असताना बाहेरून कडी घातली. दार त्यांनीच केलेलं होतं, जाड सागवानी. ते आतून कोणाला तोडता येण्यातलं नव्हतं.

पहिल्या दिवशी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पाया पडतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी नखांनी दार खरवडत राहिले आणि कोणाशी तरी बोलत राहिले. मी म्हटलं, करा नाटकं. चौथ्या दिवशी सकाळी आवाज नाही म्हणून कडी काढली. दारापाशीच पडलेले होते, अंगात बनियन उलटं. लोकांना सांगितलं, झोपेत गेले. धाकट्यालाही तेच सांगितलं.

तर त्या ड्रायव्हरचं लिहिलेलं मी खोडलं आणि वर लिहिलं, 'झोपून आहे.' भुताची भीती नव्हती मला. ते एकदा कागदावर आलं की सिस्टर वाचणार, डॉक्टर वाचणार, आणि नखांचं नाव निघालं की माझं तोंड सगळं ओकून टाकणार, याची भीती होती. ड्रायव्हर नशिबाने बरा झाला. मग चार-सहा महिन्यांनी एक शाळामास्तर आले. तीच खाट, तोच तिसरा दिवस, तेच उलटं बनियन. हा माणूस ड्रायव्हरला आयुष्यात भेटलेला नाही. मी पुन्हा लिहिलं, 'झोपून आहे.' नंतर ती खाट ओढून समोरच्या भिंतीला लावली. म्हटलं, बघू आता. पुढच्या पावसाळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एकजण आला, त्यालाही पायथ्याशी तेच बसलेले दिसले. त्याचंही मी दडपलं आणि दोन तासांत त्याला फिट आली. खाटेवरून पडला, पुढचे दोन दात गेले, थोडक्यात वाचला. कसायाने लाजावं असलं काम केलं मी, आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवलो.

गेल्या वर्षी धाकटा आला. तो शिवणकाम करतो. करायचा म्हणा, हात इतके कापायला लागले की सुईत दोरा जाईना. त्याची बायको धरून घेऊन आली. मला म्हणाली, भाऊजी, आता तुमच्या हवाली करते, मला दुसरं कोणी नाही. रिकामी खाट एकच होती. कितवी ते काय सांगू.

तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून त्याच्या उशाशी बसून होतो. पायथ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. अकराच्या सुमाराला तो पुटपुटायला लागला. मधेच मान हलवायचा, मधेच थांबून ऐकायचा. दोन वाजले. वॉर्डात फिनेलचा वास असतो ना नेहमी, तो हळूहळू मागे पडला आणि ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. आमच्या लहानपणीचा. मग आवाज... खर्र, खर्र. लाकडावर नख ओढल्यासारखा. या वॉर्डात खाटा लोखंडी, कपाटं लोखंडी, दारसुद्धा पत्र्याचं आहे.

सिस्टर तिकडच्या टोकाला औषधं लावत होती. तिने तिथूनच विचारलं, चार नंबर कसा आहे? माझ्या तोंडातून निघून गेलं, झोपून आहे. आणि वहीत लिहिलंही तसंच.

धाकट्याने डोळे उघडले. अंग भट्टीसारखं तापलेलं, बुबुळं भिरभिरत होती.

"दादा," तो म्हणाला, "ते विचारतायत... तू वहीत काय लिहिलंस?"

तेव्हा मी पायथ्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पण गादी खोल दबलेली होती, अंगापिंडाने मजबूत माणूस बसल्यावर दबते तशी, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती सावकाश वर आली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, सिस्टर धावत आली एवढं खरं. मी तिला सगळं सांगितलं. माणूस दिसतोय, त्याच्याशी बोलतोय, अकरा वाजल्यापासून बोलतोय, मी खोटं लिहिलं. तिने आधी इंजेक्शन दिलं, मग फोन केला, डॉक्टरांनी सांगितलं तसं आणखी एक दिलं. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत आम्ही दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं. शांत झोपला तेव्हा सिस्टर घाम पुसत एवढंच म्हणाली, "मामा, अजून तासभर तुम्ही गप्प बसला असतात, तर हा राहिला नसता." त्या दिवसापासून वही तिच्याकडे असते. माझी कोणी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

म्हणून म्हणतो, मुलाला आजच्या आज इथे आणा. गुरुवारची वाट बघू नका, सिस्टर दाखल करून घेईल, औषध लगेच सुरू होतं. शिव्या देत आला तरी चालेल. आम्हाला सवय आहे.

आठव्या दिवशी धाकट्याला घरी सोडायचं होतं. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी माणूस दिसत होता. बायको कागद आणायला खाली गेली होती. आम्ही दोघं याच बाकावर बसलो होतो, सकाळचे दहा वाजले असतील. मी म्हटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. सांगितलं. कडी, तिसरा दिवस, नखं, सगळं.

तो म्हणाला की त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसलो होतो तेव्हा तो दाराला कान लावून उभा होता. बाबांनी त्याला नावाने हाक मारली होती. कडीपर्यंत हात पोचत नव्हता म्हणून त्याने स्टूल आणलं. आणि मग मला घाबरून ते होतं तिथे नेऊन ठेवलं. नऊ वर्षांचं पोर हो. त्याच्या पिण्याला मी आजवर काय काय नावं ठेवली होती, त्याची मला लाज वाटली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"बाबा आत एकटे नव्हते, दादा," तो म्हणाला.

मी म्हटलं, तू आता बरा झालास, ते डोक्यातून काढून टाक.

"आत्ताचं नाही सांगत. तेव्हाचं सांगतोय. आत अजून एक माणूस होता... तो रडत होता. मोठा माणूस, वय झालेला. बाबा त्याची समजूत काढत होते. रडू नकोस म्हणत होते. उघडेल कोणीतरी."

खालून त्याच्या बायकोने हाक मारली. तो उठला, पिशवी उचलली.

"कोण होता?" मी विचारलं.

"तेव्हा आवाज ओळखीचा नव्हता," तो म्हणाला. "आता आठ दिवस ऐकतोय ना... तुझाच आहे."

तो गेला. अजून पीत नाही, शिवणाचं दुकान पुन्हा उघडलंय. माझ्या घरी मात्र येत नाही. चार नंबरवर त्यानंतर कोणाला काही दिसलेलं नाही, ती खाट बघा, तीच, आता तिच्यावर पेशंट नुसते उंदीर बघतात.

आणि मी आयुष्यात रडलेलो नाही. बाबा गेले तेव्हा नाही, धाकटा वाचला तेव्हा नाही, तो बाकावरून उठून गेला तेव्हाही नाही. म्हणजे ते रडणं अजून व्हायचंय. कुठे होणार ते मला ठाऊक आहे. बाहेरून कडी कोण घालणार, तेवढं अजून कळलेलं नाही.